कंपनी बघायला

पहाटे 5.30

बस साडेपाचची, म्हणजे पावणेसहाला हलणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी मुलं पाचपासूनच नारायणगाव स्टँडसमोर उभी असतात. रात्रीच इस्त्री करून ठेवलेले शर्ट, प्लास्टिकच्या फायली, आणि ज्यांच्याकडे काळे बूट नाहीत त्यांच्या पायात चुलत भावाचे. आमचं तंत्रनिकेतन जुन्नर तालुक्यातलं. मुलं ऊस-टोमॅटोवाल्यांच्या घरातली. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि आज चाकणच्या एका कंपनीत पूल कॅम्पस आहे. पूल कॅम्पसला कंपनी कॉलेजात येत नाही, चार-पाच कॉलेजांची मुलं कंपनीत जातात. प्लेसमेंटचं काम माझ्याकडे आल्यापासून मी यासाठीच भांडत आले. सेमिनार हॉलच्या पडद्यावर प्रत्येक कंपनी हिरवीगार आणि हसतमुख असते. तिथे गेलं की ती कूलंटच्या वासासकट दिसते.

कंपनीची वेबसाइट कुणीही उघडलेली नाही. मी विचारणंही सोडून दिलंय. आधी सीनिअरला फोन, मग सीनिअरचं स्टेटस, मग गुगल मॅपवरचे तारे, असा यांचा क्रम. तारे हा मोठा गमतीचा प्रकार आहे. कारखान्याला दोन तारे देणारा बहुतेक वेळा ट्रक ड्रायव्हर असतो, गाडी वेळेत खाली झाली नाही म्हणून चिडलेला. नोकरीशी त्याचा काही संबंध नाही असं मला वाटायचं. पण मागच्या सीटवरचा ओतूरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, ज्यांची गाडी वेळेत खाली होत नाही त्यांचं स्टोअर ढिलं. आपल्याला स्टोअरला टाकलं तर शिव्या आपणच खायच्या." मी त्याच्याकडे बघतच राहते. असा निष्कर्ष काढणाऱ्या मुलाला ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये किती गुण पडतील, देव जाणे.

6.40

मंचर मागे पडलं की कंपन्यांच्या बस दिसायला लागतात. मुलांना रंगावरून कळतं कुठली कुणाची. काचेला टेकलेली डोकी मोजत कुणीतरी म्हणतं, "सगळेच झोपलेत." दुसरा म्हणतो, "सकाळच्याला झोपणारच. परतीच्याला झोपलेले असले तर समजायचं." बस एसी आहे का, माणसं उभी आहेत का, बसवर कंपनीचं नाव रंगवलंय की काचेला कागद चिकटवलाय, हे सगळं वाचून होतं. कागद चिकटवलेली बस ट्रॅव्हल्सवाल्याची, आज आहे उद्या नाही. यातलं काहीच मी शिकवलेलं नाही.

मुलींची बडबड वेगळी. त्यांना बसचा शेवटचा स्टॉप हवा असतो. सकाळचा नव्हे, रात्रीचा.

7.20

चाकणला तळेगाव चौकात बस अडकते. इथे अडकणं हा वेळापत्रकाचाच भाग आहे, म्हणून मी निघण्याची वेळ तासभर आधीची ठेवते. रिपोर्टिंग नऊचं. पण मला त्याआधी बराच वेळ गेटसमोरच्या टपरीवर पोहोचायचं असतं, कारण सातला तिसरी पाळी सुटते.

टपरी महत्त्वाची. इथे कुणी एचआर नसतो. मुलांना मी दोघा-दोघांनी पांगवते, घोळक्याने गेलं की समोरचा बिचकतो. चहा घ्यायचा आणि शेजारच्याला 'दादा' म्हणून सुरुवात करायची. पगार पहिल्यांदा विचारायचा नाही. पहिल्यांदा विचारायचं, "दादा, पे-रोल कुणाचा? कंपनीचा का कॉन्ट्रॅक्टरचा?" त्याचं उत्तर आलं की बाकीची अर्धी उत्तरं आपोआप येतात. पीएफ कुठल्या नावाने जमा होतो, सुट्टी कुणाकडे मागायची, सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात का. ब्रेक म्हणजे कागदावर काढून टाकायचं, काही दिवसांनी पुन्हा घ्यायचं. सलग नोकरी मोजली जाऊ नये म्हणून.

आज पिंपळवंडीकडचा मुलगा एका लातूरच्या दादाशी बोलत उभा आहे. मी शेजारच्या बाकावर, कान तिकडेच. दादाच्या मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक डाग, वेल्डिंगच्या ठिणग्यांचे. मुलाचीही नजर तिथेच. "स्लीव्ह देत नाहीत का?" तो विचारतो. "देतात. गरम होतं म्हणून आम्हीच घालत नाही," दादा हसतो. मग स्वतःहून सांगतो, "काम वाईट नाही. ओटीचे पैसे डबल देतात, हे खरं." जादा तासांना दुप्पट दर हा 1948 च्या कारखाने कायद्यातही असलेला नियम, तो पाळतात ही बातमी व्हावी अशी परिस्थिती आहे. "मग सोडून का जातात?" मुलगा विचारतो. दादा चहाचा कप कचऱ्यात टाकतो. "शिफ्ट दर आठवड्याला फिरते. गावाकडून येऊन-जाऊन करणारा टिकत नाही. रूम करून राहशील तर टिकशील."

एका चहात मिळालेलं हे वाक्य कंपनीच्या कुठल्याही माहितीपत्रकात नाही.

9.00

गेट. आधार कार्ड, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, बॅग जमा, सेफ्टीची फिल्म. मग ट्रेनिंग हॉल, एसी, पाण्याच्या छोट्या बाटल्या. एचआरची मुलगी माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती मनापासून बोलते. कंपनीची मूल्यं सांगते, स्लाइडवर पाच आहेत, आणि शेवटी तेच वाक्य, "वुई आर अ फॅमिली." माझ्या पुढच्या रांगेतला मुलगा शेजारच्याच्या कानात पुटपुटतो, "घरी एक आहेच की. तिथला बांधाचा वाद मिटंना."

मूल्यांच्या स्लाइडला मी नावं ठेवणार नाही. पण एकविसाव्या वर्षी पहिली नोकरी शोधणाऱ्याला 'आपली मूल्यं जुळतात का' असं विचारणं मला थोडं गमतीचं वाटतं. त्याला कंपनी स्वतःच्या दिवसात बसवून बघायची असते. उठायचं किती वाजता, जेवायचं कुठे, आई आजारी पडली तर सुट्टी कोण देणार, रविवारी गावची मॅच खेळता येणार का. या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी सुट्टी असलेल्याला गावातली निम्मी लग्नं गाठता येत नाहीत. ऐकायला क्षुल्लक वाटतं. दोन वर्षं प्रत्येक लग्नाला गैरहजर राहून बघावं.

10.15

लेखी परीक्षा. तासभर आम्ही प्लेसमेंटवाले बाहेर. चाकणच्या रस्त्यांवर बोलून झालं, कॉलेजांच्या मानांकनावर बोलून झालं. संगमनेरकडचे एक सर म्हणतात, "आमची पोरं सहा महिन्यांत सोडतात हो. कंपनी पुढच्या वर्षी बोलवत नाही."

मला बेंजामिन श्नायडर आठवतो. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये मांडणी केली ती साधी आहे. संस्थेकडे विशिष्ट स्वभावाची माणसं ओढली जातात, त्यातली संस्थेला जुळतील अशी निवडली जातात, आणि ज्यांचं जुळत नाही ती निघून जातात. होता होता आत उरतात ती बरीचशी एकसारखी. हे मी वाचलं तेव्हा मला आधी प्लांट राउंड आठवला. राउंडवर मुलांना जो जो भेटतो तो टिकलेला असतो. त्याला विचारलं तर तो म्हणणार, बरं आहे. ज्यांचं जुळलं नाही ते आता रांजणगावला नाहीतर भोसरीला आहेत, किंवा घरी परत टोमॅटोच्या वावरात. म्हणून मी मुलांना सांगते, कंपनीतल्या माणसाला भेटा, पण कंपनी सोडलेल्याला आधी फोन करा. सोडलेला कधीकधी वाढवून सांगतो, हेही खरं. दोघा-तिघा सोडलेल्यांची तक्रार एकच निघाली तर मात्र ती तक्रार नसते, माहिती असते.

11.30

प्लांट राउंड. हिरव्या रंगाची वाट, पिवळ्या पट्ट्यांच्या आत चालायचं. कंपनी गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवते. प्रेस, वेल्ड, पेंट, असेंब्ली.

एकाच वाटेने चालणारी मुलं किती वेगवेगळ्या गोष्टी बघतात, हे मला दर वेळी नव्याने कळतं. टूलरूमची आवड असलेला मुलगा प्रेसच्या डायकडे बघत थांबतो, त्याला मागून ढकलावं लागतं. ओतूरवाला वरच्या बोर्डाकडे बघतोय. बोर्डावर टार्गेट आणि प्रत्यक्ष, असे दोन आकडे लाल अक्षरात पळताहेत; प्रत्यक्ष थोडं मागे आहे. "मागे असलं की काय होतं?" तो गाइडला विचारतो. "कॅचअप करतो आम्ही." "ब्रेकमध्ये?" गाइड उत्तर देत नाही, पुढे चालायला लागतो. मुलाने उत्तर टिपून घेतलेलं आहे.

असेंब्लीवर मुली आहेत, बऱ्याच. माझ्याबरोबरच्या कळंबच्या मुलीची चाल इथे मंदावते. ती लाइनवरच्या मुलीकडे बघतेय, मशीनकडे नाही. लाइनवरची उभी आहे. आठ तास उभ्याचं काम. मी बघते तर कळंबच्या मुलीची नजर दूरवरच्या टॉयलेटच्या पाटीवर आणि तिथून परत लाइनवर. अंतर मोजतेय. मग अगदी हळू आवाजात, गाइड पुढे गेल्यावर, ती विचारते, "ताई, मध्येच जायचं असलं तर?" लाइनवरची हात न थांबवता म्हणते, "रिलिव्हर आहे. बटण दाबलं की येते." "लगेच?" "येते गं. पाच मिनिटात."

रिलिव्हर म्हणजे मधल्या वेळात आपली जागा धरणारी. ती आहे का, किती लाइनींना एक आहे, हे समजलं की कंपनी बाईमाणसाचा विचार करते की फक्त बाईमाणसाचे फोटो काढते, ते समजतं. पासष्टाव्या स्लाइडपर्यंत थांबायची गरज नाही.

1.00

कँटीन. मुलं भुकेली, मी उत्सुक. मला जेवण कसं आहे यापेक्षा कोण कुठे बसतं हे बघायचं असतं.

इथे गणवेश दोन रंगांचे आहेत. निळा कंपनीचा, राखाडी कॉन्ट्रॅक्टरचा. काम बऱ्याचदा एकच, शेजारी-शेजारी उभं राहून. या कँटीनमध्ये ताट एक, रांग एक, आणि टेबलं मिसळलेली. एका टेबलावर दोन निळे, तीन राखाडी, आणि वाद चाललाय तो कालच्या मॅचचा. मी मनात एक गुण देते. दुसऱ्या एका कंपनीत (नाव राहू दे) राखाडीवाल्यांची जेवणाची वेळ वेगळी होती, आणि ताक संपलेलं असायचं. माझ्याबरोबर आलेल्या मुलांनी तिथे पेपर सोडवला, मुलाखत दिली, आणि गाडीत बसल्यावर एकजात सांगितलं, नको. कारण विचारलं तर कुणाला नीट सांगता येईना. एक म्हणाला, "ताक."

तीन भाज्यांतली एक उसळ, भात, चपाती, गोड म्हणून शिरा. चपाती कडक.

2.15

मुलाखती. मी बाहेरच्या खुर्चीवर. आत काय झालं ते बाहेर आल्यावर कळतं.

आत दोन्ही बाजू थोडं थोडं खोटं बोलतात, हे एकदा मान्य केलेलं बरं. कंपनी विचारते, "पुढे शिकायचंय का?" मुलगा म्हणतो, "नाही सर." वास्तविक निम्म्यांना डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला जायचंय, प्रवेशाचे फॉर्म घरी भरून ठेवलेत. कंपनी विचारते, "नाईट चालेल?" मुलगा म्हणतो, "चालेल सर." मुलगा विचारतो, "पर्मनंट होतं का?" कंपनी म्हणते, "परफॉर्मन्सवर आहे." मुलींना अजूनही कुठे कुठे विचारतात, लग्न ठरलंय का. मी त्यांना सांगून ठेवलंय: हसायचं नाही, चिडायचं नाही, "कामाशी संबंधित काही असेल तर विचारा" एवढंच. आज विचारलं नाही. नोंद केली.

आणि शेवटचा प्रश्न, "तुम्हाला काही विचारायचंय?" याला शंभरातली नव्वद मुलं "नाही सर" म्हणून उठतात. विचारलं तर उद्धट वाटू, ही भीती. मी एक वाक्य पाठच करून घेते: "सर, मागच्या वर्षी घेतलेल्या बॅचमधले आता किती जण आहेत?"

कळंबच्या मुलीने ते विचारलं. ती बाहेर आली तेव्हा चेहरा वेगळाच. एचआर गप्प झाली म्हणे, पण प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. बरेच गेले. पेंट शॉपला उन्हाळ्यात उकाडा असह्य होतो, तिथले आधी गेले. काही जण शेजारच्या कंपनीत गेले, दीड हजार जास्त मिळाले म्हणून. असेंब्लीवरचे बहुतेक आहेत. तुम्हाला असेंब्लीला घेऊ, पण सेकंड शिफ्ट येईल, हे आत्ताच सांगतो."

"मग?" मी विचारलं.

"मग मला ते साहेब बरे वाटले," ती म्हणाली.

जॉन वॅनस या संशोधकाने 1973 मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी निवडलेल्या मुलींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना नोकरीची नेहमीची गोडगोड फिल्म, काहींना कामातला कंटाळा आणि साहेबांची कडक नजरही दाखवणारी फिल्म. खरं बघून मुली पळून गेल्या नाहीत. नोकरी घेणाऱ्यांच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण खरं बघितलेल्यांच्या अपेक्षा जमिनीवर राहिल्या आणि सोडून जाण्याचे विचार कमी आले. या साहेबांनी वॅनस वाचला असेल असं मला वाटत नाही. ते बहुधा पेंट शॉपला पुन्हा पुन्हा नवीन माणूस शिकवून थकलेत.

4.00

यादी लागली. आमचे अकरा. टाळ्या, फोटो, आणि मग मी त्यांना पार्किंगमध्ये बसच्या सावलीला बसवते आणि एका माहितीपत्रकाच्या मागे आकडे मांडते.

सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, महिना 22 हजार. मुलांच्या डोक्यात 22 पक्कं बसलंय, घरी फोनही गेले. आता काढत जाऊ. बेसिक 13 हजार. त्यावर कंपनीचा पीएफचा 12 टक्के हिस्सा, 1,560, तो तुमच्या नावावर जमा होतो पण हातात येत नाही. ग्रॅच्युइटीची तरतूद सव्वासहाशेच्या आसपास. ती नियमित नोकरीत साधारण पाच वर्षं टिकलात तर. बोनस वर्षातून एकदा, इथे महिन्यात वाटून दाखवलाय, हजाराच्या वर. ईएसआयचा मालकाचा सव्वातीन टक्के हिस्सा. हे सगळं वजा केल्यावर पगारपत्रकावर येतात 18 हजार आणि वर थोडे. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ पुन्हा 1,560, ईएसआय पाऊण टक्का, व्यवसाय कर 200. मुलींना हे 200 लागत नाहीत, महाराष्ट्रात त्यांना 25 हजारांपर्यंत माफ आहे. उरले सोळा हजार आणि चिल्लर. कँटीन-बसचं कापलं तर त्याहून कमी.

कुणीच बोलत नाही. मग ओतूरवाला, "रूम कॉट बेसिसवर दोन-अडीच, मेस तीन. घरी दहा तरी पाठवता येतील." दुसरा, "मोबाइल, पेट्रोल धर की." "मग आठ." त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का. मी फक्त 22 चे 16 करते. 16 चे आठ ते स्वतः करतात, आणि खरा निर्णय त्या आठवर होतो.

आणि पे-रोल? एचआरला मी मघाशीच विचारून घेतलं. कंपनीचा, पण एक वर्ष ट्रेनी. ट्रेनी संपल्यावर कन्फर्म करतील की नाही ते पत्रात लिहिलेलं नाही. "लिहून द्या" म्हटलं तर ती म्हणाली, "मॅडम, पॉलिसी नाही तशी." मी हे मुलांना जसंच्या तसं सांगते. माझ्या प्राचार्यांना ते आवडणार नाही. कॉलेजच्या फलकाला शंभर टक्के प्लेसमेंट हवी असते, आणि मुलाने नकार दिला की टक्का घसरतो. हा दाब माझ्यावर आहे तसा प्रत्येक प्लेसमेंटवाल्यावर आहे, आणि मुलांना 'तुला हे जमेल रे' म्हणणाऱ्या आमच्या आवाजात तो मिसळलेला असतो. मुलांनी आमचं बोलणंही तेवढं वजा करूनच घ्यावं.

5.45

परतीची बस. आता खरी मुलाखत सुरू होते, घरच्यांशी, फोनवर. कळंबच्या मुलीचे वडील एकच विचारतात, "बस गावात येते का, फाट्यावर सोडते?" सेकंड शिफ्टला कंपनीची बस मुलींना दारापर्यंत सोडते, आत तिने हे विचारून घेतलंय, नाव-नंबर सगळं. "दारात, पप्पा. गार्ड असतो बसमध्ये." पलीकडे शांतता, मग "आईला देतो." म्हणजे जमलं.

पिंपळवंडीकडच्या मुलाचं जमत नाही. पुरुषांसाठी रात्रीची बस मंचरपर्यंतच. साडेअकराला सुटलं की मंचरला साडेबारा, तिथून गाडीवर पंचवीसेक किलोमीटर, शेवटचा तुकडा उसातून. जुन्नर तालुक्यात रात्री एक वाजता उसातून मोटारसायकलवर जाणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या एचआरला पटकन कळणार नाही. गेल्या महिन्यातच त्याच्या वस्तीवरचं वासरू बिबट्याने नेलं. रूम करून राहावं, तर घरी वडिलांचं कंबरेचं ऑपरेशन झालंय, सकाळी गोठा त्याच्याकडे. "कंपनी चांगलीये मॅडम," तो म्हणतो, "मीच बसत नाही तिच्यात." मी म्हणते, "तू बसतोस रे. तुझा गोठा बसत नाही."

7.50

कॉलेजमध्ये परत. हजेरी, अहवाल, फोटो ग्रुपवर. एचआरच्या मुलीचा फोन. दहा जणांचा होकार कळवते, अकराव्याचं कारण सांगते. ती बिबट्यावर खरंच हसत नाही, याचं मला बरं वाटतं. थांबा म्हणते, कुणाशी तरी बोलते, परत येते. क्वालिटीला जनरल शिफ्टची एक जागा आहे, साडेआठ ते पाच. पगार दोन हजारांनी कमी, शिफ्ट अलाउन्स नाही, आणि पहिलं वर्ष कॉन्ट्रॅक्टरच्या पे-रोलवर. "चालेल का विचारा त्याला. मुलगा चांगला वाटला आम्हाला."

मी त्याला फोन लावते, सगळं सांगते, कॉन्ट्रॅक्टरचं पण. तो मध्ये एकदाही "हो" म्हणत नाही, हे मला आवडतं. मागे गोठ्यात बादली आपटल्याचा आवाज येतो. लातूरच्या दादाचा नंबर घेतलाय म्हणतो, कॉन्ट्रॅक्टरचं नाव सांगा, त्यांना विचारतो तो पीएफ वेळेवर भरतो का.

नाव मला माहीत नव्हतं. एचआरला मेसेज टाकून विचारलं, आलं, त्याला पाठवलं. खाली लिहिलं, सकाळी दहापर्यंत कळव, त्यांना यादी पक्की करायची आहे.